खळ्यावरचे खेळ आणि कच्चा लिंबू



भात घरात आले, तुरीच्या शेंगा भरल्या आणि कपाशीची वेचणी अर्ध्यावर आली की बडोद्याच्या आसपासच्या गावांत पाहुण्यांचे दिवस सुरू होतात. नाताळला वसईकडची, नगरकडची नातलग मंडळी येतात. ती परतत नाहीत तोच उतराण येते आणि घर पुन्हा भरते. जेवणाचा बेत आठवडाभर आधी ठरलेला असतो. पण जेवण झाल्यावर काय? पुरुषमंडळी खाटेवर आडवी होतात, बायका भांड्यांपाशी बसतात आणि मुले ओसरीच्या एका कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोके घालतात. वर्षातून एकदा भेटणारी चुलत-मावस भावंडे शेजारी शेजारी बसूनही एकमेकांशी दहा वाक्ये बोलत नाहीत.

म्हणून या वेळी आम्ही बी-बियाणे आणि खते बाजूला ठेवून घरासमोरच्या खळ्याविषयी लिहीत आहोत. मळणी आता यंत्रावर होते, खळे वर्षाचे बरेच दिवस मोकळे पडते. त्यावर काय खेळता येईल, कसे खेळावे आणि कोणती काळजी घ्यावी, ते पाहू.

हे खेळ बडोद्याला परके नाहीत

खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या हे आपल्या आजोबा-पणजोबांचे अंगणातले खेळ. ते छापील नियमांत बसवण्याच्या कामात बडोद्याचा मोठा वाटा आहे. खो-खोचे नियम प्रथम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. पुढे १९२४ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने या खेळाचे नियम छापून प्रसिद्ध केले. त्याच सुमारास हुतूतूच्या नियमांकडेही या संस्थेने लक्ष दिले. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात तालमींना आश्रय होता. जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकरावांनी तरुणांच्या पिढ्या तयार केल्या. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी संपादलेला मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ही बडोद्याचाच. त्याचे दहा खंड आहेत.

या मेहनतीचे फळ आज दिसते. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला स्थान मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्या दोन्ही अंतिम सामन्यांत, पुरुषांच्या व महिलांच्या, भारताने नेपाळला हरवले.

मैदानाचा नियम आणि अंगणाचा नियम

मैदानाच्या नियमाला दोन्ही बाजूंचे गडी सारखे लागतात, रेषा मोजलेल्या लागतात, पंच लागतो. सामन्याला ते हवेच. परंतु सणाच्या दिवशी खळ्यावर जमतात ते सारखे नसतात. चार वर्षांची नात असते, गुडघे धरलेली आजी असते, कॉलेजात जाणारा भाचा असतो आणि नवीन लग्न होऊन आलेली, अजून बुजणारी सूनबाई असते. या सर्वांना एका डावात घ्यायचे तर नियम थोडा वाकवावा लागतो.

आपल्या अंगणाने यासाठी फार पूर्वीच एक युक्ती काढून ठेवली आहे. तिचे नाव कच्चा लिंबू. कोठे तिला दूधभात म्हणतात. लहान मूल सर्वांबरोबर पळते, ओरडते, शिवले तर हसते. पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. छापील नियमांत कच्च्या लिंबूला जागा नाही. घरच्या खेळात मात्र ती ठेवलीच पाहिजे, आणि आमचे म्हणणे असे की ती म्हाताऱ्यांसाठीही ठेवावी.

खळे तयार करताना

१. दोन दिवस आधी खडे, काचा, बाभळीचे काटे व तारेचे तुकडे वेचून काढा. हे काम मुलांवर न सोपवता मोठ्यांनी करावे.

२. उंदरांची बिळे व खड्डे मातीने भरा, पाणी शिंपडा आणि चोपून घ्या. धूळ कमी उडते व पाय मुरगळत नाही.

३. फवारणीचा पंप जेथे धुता, किंवा बियाण्याला औषध जेथे चोळता, ती जागा खेळासाठी घेऊ नका. मुले अनवाणी पळतात, पडतात आणि तोच हात तोंडात घालतात.

४. रेषांसाठी चुना वापरू नका, तो डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो. काठीने चर ओढून त्यात चुलीची राख टाका. रेषा दिवसभर टिकते.

५. विहीर, थ्रेशर, विजेच्या मोटारीची वायर व कडब्याची गंज यांपासून दूर खेळा. विहिरीला कठडा नसेल तर त्या बाजूला एक मोठा माणूस उभा ठेवा.

६. हिवाळ्यात सकाळी ९ नंतर, उन्हाळ्यात मात्र सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ५ नंतर खेळ ठेवा. खेळ जेवणाआधी असावा, भरल्या पोटी पळू नये. त्या दिवशी एकाच मोठ्या पातेल्यात होईल असे जेवण करा, म्हणजे घरातील बायका चुलीपाशी अडकून पडणार नाहीत. आई आणि आत्या खेळत नसतील तर पोरी फार वेळ खेळत नाहीत, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे.

कोणता खेळ कसा खेळावा

खो-खो: सामन्याचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. एवढे खळे थोड्यांकडेच असेल. त्याच्या निम्म्या जागेत आठांऐवजी पाच-सहा गडी बसवा. पहिला एकीकडे तोंड करून, दुसरा दुसरीकडे, असे एकाआड एक. पाठलाग करणाऱ्याने मधली पाटी ओलांडायची नाही आणि एकदा धरलेली दिशा सोडायची नाही, हे दोन नियम मात्र मोडू नका. सारी गंमत त्यांतच आहे. टोकाला खांब रोवण्याऐवजी वर्तुळ काढा, म्हणजे कोणी खांबावर आदळणार नाही. ज्यांना उकिडवे बसवत नाही त्यांना पाटावर किंवा ठेंगण्या स्टुलावर बसवा. त्यांना ‘खो’ मिळाला की त्यांच्या जागी शेजारी उभे असलेले नातवंड पळेल. अशी आजी-नातवाची जोडी एकच गडी मानावी.

आट्यापाट्या: हा खेळ विसरला जात आहे, आणि खळ्याला तोच सर्वांत शोभतो. सामन्यात नऊ आडव्या पाट्या असतात. घरी चार पुरेत. पाट्यांमध्ये चार-चार पावलांचे अंतर ठेवा, आणि मधून एक उभी पाटी काढा, तिला सूर म्हणतात. प्रत्येक पाटीवर एक राखणारा. त्याने आपली पाटी सोडायची नाही. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी त्याला चुकवून सर्व पाट्या पार करायच्या आणि परत यायचे. परत येणारा लोण आणतो. लोण म्हणजे मीठ. हाच शब्द कबड्डीत गेला आणि आज परदेशी पंचही तो उच्चारतात. पाटी राखायला धाव लागत नाही, डोळा आणि लांब हात लागतो. म्हणून पन्नाशीच्या काकांना पाटीवर उभे करा. तरुण पोरे तेथे चांगलीच अडकतात.

लगोरी: आपल्याकडची गुजराती मुले हिला नागोलचुं म्हणतात. कौलाच्या सात चपट्या खापऱ्या घ्या, कडा दगडावर घासून बोथट करा. चेंडू जुन्या मोज्यांत चिंध्या भरून शिवावा. चेंडूने उतरंड पाडायची आणि मार चुकवत ती पुन्हा रचायची. कमरेच्या खालीच मारायचे, हे आधी ठरवून घ्या. या खेळात कच्चे लिंबू फार कामाला येतात. त्यांना चेंडू लागला तरी ते बाद नसल्यामुळे निवांत खापऱ्या रचत बसतात.

विटी-दांडू: येथे यालाच मोई-दांडिया म्हणतात. विटी चार-सहा बोटे, दांडू दीड हात, लाकूड बाभळीचे. जुन्या मोजणीतले वकट, रेंड, मूंड, नाल हे शब्द तेलुगूतील ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु या अंकांशी किती जुळतात, ते मुलांना सांगा. हा खेळ मात्र घोळक्यात खेळू नये. विटी डोळ्याला लागली तर कायमची दृष्टी जाते. बघणाऱ्यांनी टोलवणाऱ्याच्या मागे, दहा पावले दूर बसावे, आणि दहा वर्षांखालील मुलांना झेल घ्यायला पुढे उभे करू नये.

लंगडी: हिला काहीच साहित्य लागत नाही. पाय बदलायचा नाही, एवढाच नियम. तोल सांभाळण्याची सवय लागते आणि पायात बळ येते. मोठ्या माणसांनी मात्र मऊ मातीवरच लंगडी घालावी.

दुखापत झाली तर

खरचटले तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवा. शेण, माती, हळद, चुना काहीही भरू नका. खळ्यावर गुरे बसतात, त्यामुळे धनुर्वाताची भीती खरी आहे. मुलांना वयाच्या १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीची लस सरकारी केंद्रात मिळते. ती राहिली असेल तर सणाआधीच घ्या.

पाय मुरगळला तर चोळू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा, फडके गुंडाळा आणि पाय उशीवर उंच ठेवा. पाय टेकवतच नसेल तर मालीश करणाऱ्याकडे न जाता एक्स-रे काढा. डोळ्याला मार लागला तर चोळू नका, दाबू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. खेळताना छातीत दुखू लागले किंवा दम फार लागला तर ताबडतोब थांबून दवाखाना गाठावा. ‘वायू झाला असेल’ म्हणून वाट पाहू नये.

पिण्याच्या पाण्याचा माठ सावलीत ठेवा. कोणी घामाने गळून गेला तर एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे द्या.

आणि हे केवळ सणापुरते नको. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे चांगली हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकेकाळी शेतकऱ्याच्या मुलाला हे सांगावे लागत नव्हते. आज लागते. शाळेत रिक्षाने, शिकवणीला मोटारसायकलवर, आणि घरी आल्यावर मोबाइल.

एका खळ्याची गोष्ट

पादऱ्याकडच्या एका घरी आम्ही मागे नाताळात गेलो होतो. दोघा भावांची वाटणी झालेली, खळ्याच्या मधोमध तारेचे कुंपण. मुलांनी आट्यापाट्यांच्या रेषा आखायला घेतल्या तेव्हा ना या बाजूला जागा पुरे, ना त्या बाजूला. दोन्ही घरची पोरे तारेच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांकडे पाहत होती. शेवटी म्हातारीने विचारले, “खुंट किती खोल पुरलेत रे?” थोरल्याने काही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने धाकटा पहार घेऊन आला आणि चार खुंट उपटले गेले. त्या दिवशी थोरला पहिल्या पाटीवर उभा होता आणि धाकटा शेवटच्या. बोलले फारसे नाहीत. पण धाकट्याच्या मुलाने थोरल्याला हुलकावणी दिली तेव्हा थोरला मोठ्याने हसला.

संध्याकाळी खुंट पुन्हा रोवले गेले. वाटणी ती वाटणीच. फक्त एका ठिकाणी माणूस जाईल एवढी फट ठेवली होती. पुढच्या वर्षी गेलो तेव्हाही ती तशीच होती, आणि तेथील माती ये-जा करून चोपली गेली होती.

हल्ली पुष्कळ घरी खळ्यावर सिमेंट ओतण्याचा विचार चालू असतो. धान्य वाळवायला, ट्रॅक्टर उभा करायला ते सोयीचे आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण सिमेंटवर पडलेल्या मुलाचा गुडघा फुटतो आणि पडलेल्या आजीचे खुब्याचे हाड मोडते. तेव्हा सिमेंट करायचेच असेल तर निम्मे करा. निम्मी माती राहू द्या.

यंदा पाहुण्यांना बोलावताना बेत कळवता, तसा खेळही कळवा. जुने मोजे शोधून चेंडू आत्ताच शिवून ठेवा. आणि डाव मांडताना घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत म्हातारे माणूस कोठे उभे राहील, ते आधी ठरवा.