वास्तुविशारदाचें नांव

छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा पाहावयास जाणाऱ्यांची दृष्टि शुभ्र घुमटावर खिळते. प्रवेशद्वारावरील लेखाकडे क्वचितच कोणी पाहतो. सतराव्या शतकांतील या वास्तूचा आराखडा अताउल्ला याचा व बांधणी हंसपतराय याची, असें तो लेख सांगतो. काम करणारानें नांवानिशीं ओळखलें जावें, ही रीत या नगरांत अशी जुनी आहे.

आज तिला कायद्याचा आधार आहे. १९७२ च्या कायद्यान्वयें वास्तुकला परिषदेच्या नोंदपटांत ज्याचें नांव आहे, त्यालाच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधि लावतां येते. त्यासाठीं विद्यार्थ्यास गणित घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावें लागतें व अभिक्षमता परीक्षा द्यावी लागते. पुढें पांच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. त्यांत रेखांकन, बांधकामाचें साहित्य व इमारतीची मजबुती यांचा अभ्यास होतो, आणि अनुभवी वास्तुविशारदाच्या हाताखालीं उमेदवारीही करावी लागते. मात्र नुसत्या पदवीनें भागत नाहीं, नोंदणी हवीच.

येथें एक भेद गृहस्थांनीं ध्यानांत ठेवावा. हा कायदा उपाधीचें रक्षण करतो. इतरांस इमारतीचा आराखडा करण्याची बंदी करीत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. तेव्हां आयुष्याची पुंजी घरांत घालण्यापूर्वीं आराखडा करणाराचें नांव व नोंदणी क्रमांक विचारण्यांत संकोच कसला? मकबऱ्याच्या कर्त्यांचीं नांवें तर दारावरच आहेत!