पाण्याचा पंप उघडताना

निवासी शाळेत पहाटेची घंटा होण्यापूर्वी विहिरीवरचा पंप सुरू व्हावा लागतो. तो बंद पडला की आंघोळी, स्वयंपाक, स्वच्छता सारेच अडते आणि दुरुस्तीची घाई होते. अपघात बहुधा या घाईतच घडतात.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि, काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहाचा पंप गळू लागला तेव्हाचा प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. वीज गेलेली होती. पंप बंदच आहे असे गृहीत धरून मिस्त्रींनी कपलिंगवरचे आवरण उतरवले. स्टार्टरचा ऑटो स्विच मात्र तसाच चालू राहिला होता. वीज आली आणि पंप आपोआप फिरू लागला. मिस्त्री दुसरा पाना घेण्यासाठी नुकतेच मागे वळले होते, एवढ्यामुळेच त्यांचा हात वाचला. त्या दिवसापासून आम्ही हे काम नीट समजून घेतले.

पंप उघडण्याची सुरुवात पान्याने नव्हे, मेन स्विचने होते. ऑटो स्विच व स्टार्टर बंद करावा, मग मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगावी. फ्यूज काढून घ्यावेत. कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांकडे नव्हे, पहारेकऱ्याकडेही नव्हे, तर ज्याचे हात यंत्रात जाणार त्याच्याच खिशात असावी. त्यानंतर परवानाधारक वायरमनने तिन्ही फेज तपासाव्यात. तपासणीचे साधन स्वतः चालू आहे ना, हे आधी व नंतर वीज असलेल्या जागी पडताळावे. वायरी सोडवण्यापूर्वी त्यांवर खुणा कराव्यात. दोन फेजची अदलाबदल झाली तरी मोटार उलटी फिरते.

विजेनंतर पाण्याचा विचार करावा. पंप थांबला तरी टाकीपर्यंतच्या नळातील पाणी त्याच्यावर दाब देत असते. दहा मीटर उंचीचे पाणी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब देते. म्हणून दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून, तळाचा प्लग हळूहळू सैल करून पाणी सोडावे. दाब पूर्ण उतरल्याशिवाय केसिंगच्या बोल्टला हात लावू नये.

कपलिंगच्या दोन्ही भागांवर आणि केसिंगच्या जोडावर खुणा करून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करावेत. जड भाग साखळी-कप्पीने उचलावा आणि लोंबत्या भागाखाली कोणी उभे राहू नये. इम्पेलर, म्हणजे आतला पंखा, पुलरने काढावा. हातोड्याने ठोकल्यास शाफ्ट वाकतो. पंख्यावर खड्डे पडले असतील तर केवळ पंखा बदलून भागत नाही. विहिरीची पातळी फार खाली गेली आहे काय, फूट व्हॉल्व्हची जाळी तुंबली आहे काय, हेही पाहावे. बेअरिंग हाताने फिरवून खरखर ऐकावी. ग्रीस मात्र ठासून भरू नये. अति ग्रीसनेही बेअरिंग तापते.

गळती बहुधा ग्लँडमधून होते. जुनी दोरी पूर्ण काढून नव्या दोरीची कडी कापून बसवावीत आणि लागोपाठच्या कड्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत. अशा पंपाच्या ग्लँडमधून पाणी थेंब थेंब ठिबकलेच पाहिजे, कारण तेच पाणी दोरीला व शाफ्टला थंड ठेवते. गळती मुळीच नको म्हणून नट आवळत गेल्यास शाफ्टवर चर पडतात. मेकॅनिकल सील असलेल्या पंपाची गोष्ट वेगळी. तेथे गळती दिसल्यास सीलच बदलावे लागते.

फूट व्हॉल्व्हसाठी विहिरीत किंवा बंद हौदात उतरणे हे स्वतंत्र जोखमीचे काम आहे. आतील हवा तपासल्याविना, दोर बांधल्याविना आणि बाहेर माणूस उभा असल्याविना कोणीही उतरू नये. आत एखादा कोसळला तर त्याच्यामागे उडी घेणारा बहुधा दुसरा बळी ठरतो.

जोडणी झाल्यावर शाफ्ट हाताने मोकळा फिरतो ना ते पाहावे. कपलिंग जोडण्यापूर्वी मोटारीची दिशा तपासावी. त्यासाठी कुलूप काढावे लागते, म्हणून सर्वांना दूर उभे करावे आणि तपासणी होताच ते पुन्हा लावावे. शेवटी आवरण परत बसवून व पंपात पाणी भरूनच तो सुरू करावा. कोरडा पंप अल्पावधीत खराब होतो.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालणे बंधनकारक केलेले होते आणि कलम ३६ मध्ये विषारी वायूच्या जागी उतरण्याविषयी नियम होते. शाळा हा कारखाना नसला तरी कामगाराचा देह तोच असतो.

आमचे अनेक विद्यार्थी उद्या पंपघरांत आणि कारखान्यांत काम करतील. ‘वीज बंद आहे, उघड’ असे कोणी फर्मावले, तर ‘किल्ली कोठे आहे?’ असे विचारण्यास त्यांनी संकोच करू नये. किल्ली आपल्या खिशात येईपर्यंत हात मागे ठेवणे हा उद्धटपणा नव्हे. तो कामाचाच पहिला भाग आहे.