तणनाशकाचा माग आता विहिरीच्या काठावर

जालना जिल्ह्यात खुरपणीला मजूर मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. साहजिकच कपाशी, सोयाबीन आणि मक्याच्या शेतांत तणनाशकांचा आधार घेतला जातो. फवारलेले द्रव्य तणाबरोबर संपत नाही. त्याचा काही अंश मातीत राहतो, काही पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरतो. तो किती, हे जाणण्यासाठी कोटी रुपयांच्या घरातील यंत्रे असलेली प्रयोगशाळा गाठावी लागते. स्वस्त संवेदक अर्थात सेन्सर ही तपासणी गावापर्यंत आणू शकतात. मात्र त्यांच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात.

शोधायचे प्रमाण अतिसूक्ष्म असते. मक्यात वापरल्या जाणाऱ्या अॅट्राझिनची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा भारतीय मानक ब्युरोने २०१२ च्या मानकात लिटरमागे २ मायक्रोग्रॅम ठरविली. उन्हाळ्यात गावोगावी फिरणाऱ्या १० हजार लिटरच्या टँकरात अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहून कितीतरी कमी अॅट्राझिन मिसळले, तरी ही मर्यादा गाठली जाते. युरोपीय संघाची मर्यादा तर याच्याही विसाव्या हिश्श्याइतकी आहे.

रेघ पुसट झाली तर

सर्वांत सोपा संवेदक म्हणजे कागदी पट्टी. कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या चाचणीसारखीच ती दिसते. पण तिचा अर्थ उलटा लावावा लागतो. पट्टीवरील रंगीत प्रतिपिंडे विशिष्ट तणनाशकाच्या रेणूला चिकटतात. पाण्यात ते द्रव्य असेल तर प्रतिपिंडे आधीच अडकून पडतात आणि चाचणीची रेघ पुसट होते. रेघ ठळक उमटली तर पाण्यात ते द्रव्य नाही किंवा पट्टीला जाणवण्याइतके नाही.

दुसरा प्रकार शेवाळाचा. अॅट्राझिन व डाययुरॉन ही द्रव्ये वनस्पतीच्या प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणतात. वापरता न आलेल्या प्रकाशऊर्जेचा काही भाग सूक्ष्म शेवाळ लाल चमकेच्या रूपाने बाहेर टाकते. ही वाढलेली चमक साधा प्रकाशमापक टिपू शकतो.

यादीत नसलेले सापडत नाही

शेवाळाला ग्लायफोसेट असे चटकन ओळखता येत नाही, कारण त्याचा मारा वनस्पतीतील वेगळ्याच विकरावर असतो. एकाच वेळी अनेक कीटकनाशके शोधणाऱ्या प्रयोगशाळेतील नेहमीच्या पद्धतीतूनही ते निसटते. त्यासाठी स्वतंत्र चाचणी करावी लागते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले. त्यामुळे ही उणीव दुर्लक्षिण्यासारखी नाही.

या उणिवेची किंमत महाराष्ट्राच्या द्राक्षबागायतदारांनी मोजली आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात द्राक्षांची निर्यात अडकली. ते द्रव्य आपल्याकडील तपासणीच्या यादीतच नव्हते. कडवंचीसारखे द्राक्षांचे गाव असलेल्या जालन्याला हा धडा परका नाही.

म्हणूनच स्वस्त संवेदकाकडे न्यायनिवाडा करणारा म्हणून नव्हे, तर चाळणी म्हणून पाहावे. गावातील सर्व विहिरींचे पाणी पट्टीने तपासावे आणि संशयास्पद ठरलेले तेवढेच नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. पट्टीने 'नाही' म्हटले, तर ते फक्त तिला ओळखता येणाऱ्या द्रव्यापुरतेच खरे मानावे.

मातीसाठी तर याहून स्वस्त उपाय आहे. एका कुंडीत शंका असलेली माती, दुसरीत कधीही फवारणी न झालेल्या जागेची माती घ्यावी आणि दोन्हींत पुढच्या पिकाचे तेच बी पेरावे. दोन-तीन आठवड्यांत पहिल्या कुंडीतील रोपे पिवळी पडली वा खुरटली, तर त्या शेतात पेरणीची घाई करू नये. बियाण्यांची राजधानी म्हणविणाऱ्या जालन्यात या तपासणीसाठी मूठभर बी पुरेसे आहे.