राखणीच्या झोळीस घरगुती मच्छरदाणी

पीक हाताशीं आलें म्हणजे शेतकऱ्याचें अंथरूण घरांतून शेतांत जातें. रानडुकरें व चोर यांपासून कणसें आणि फळें राखावयाचीं तर रात्र बांधावरच काढावी लागते. माळा घालण्यास लाकूड व वेळ दोन्ही लागतात. पण जेथें दोन बळकट झाडें जवळ आहेत, तेथें त्यांमध्यें जाड कापडाची झोळी टांगून निजणें सोपें पडतें. ही मूळची अमेरिकेंतील आदिवासी लोकांची रीत. १४९२ सालीं कोलंबसानें ती तिकडे पाहिली व पुढें जहाजांवरील खलाशांनीं उचलली. जमिनीवरील ओल, विंचू व मण्यार यांपासून झोळी निजणाऱ्यास दूर ठेविते. डासांपासून मात्र ती राखीत नाहीं. आणि राखणदारच हिंवतापानें अंथरुणास खिळला, तर राखलेल्या पिकाची कापणी करणार कोण?

हिंवतापाचे जंतु डासाच्या शरीरांत असतात, हें रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबाद येथें २० ऑगस्ट १८९७ रोजीं सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें. हा रोग पसरविणारी अ‍ॅनॉफिलीस डासाची मादी मुख्यत्वें सायंकाळपासून पहांटेपर्यंत चावते. म्हणजे नेमक्या राखणीच्या वेळीं.

बाजेवरची मच्छरदाणी झोळीवर टाकली कीं काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें. जाळी वरून उत्तम बसली होती, तरी सकाळीं पाठ मात्र गांधींनीं भरून गेली. कारण उघड आहे. बाजेवर पाठीखालीं गादी असते. झोळींत अंगाशीं ताणलेला कापडाचा एकच पदर असतो, आणि डासाची सोंड त्यांतून आरपार जाते. म्हणून झोळीची जाळी छतासारखी नसावी. वीणेच्या गवसणीसारखी ती खालूनही असावी, व अंगास कोठेंही चिकटूं नये. या दोन गोष्टी साधल्या म्हणजे उरतें तें केवळ शिवणकाम.

कापड घेतांना पट्टी ठेवून छिद्रें मोजावीं. एका इंचांत बारा-तेरा, म्हणजे चौरस इंचांत सुमारें १५६ छिद्रें असलेली जाळी डासांस पुरते. याहून विरळ घेऊं नये. फार दाट घेतल्यास वारा अडतो. दहा फूट लांब झोळीसाठीं पांच फूट पन्ह्याचें साडेसात मीटर कापड लागतें. त्याचे बारा फुटांचे दोन तुकडे करून लांबीच्या दोन्ही कडा जोडाव्या, म्हणजे सुमारें दहा फूट घेराची नळी तयार होते. जाळीवर टांके घसरतात, यास्तव कडेस सुती पट्टी धरून दुहेरी शिवण घालावी. नळीच्या दोन्ही तोंडांस नेफा करून नाडी ओवावी.

एक शिवण वर येईल व दुसरी खालीं. खालच्या शिवणींत मधोमध तीन फूट भाग उघडा ठेवून त्याच्या कांठासही नेफा व नाडी करावी, हेंच दार. नाडीचीं टोकें आंतल्या बाजूस ठेवावीं. वरच्या शिवणीस आंतून चार फिती लावाव्या.

आतां टांगण्याची रीत. झोळीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत वरून एक बारीक पण बळकट दोरी बांधावी. तिची लांबी झोळीच्या शेंकडा ८३, म्हणजे दहा फुटांस सुमारें आठ फूट चार इंच ठेवावी. हिच्यामुळें झोळीस दर वेळीं सारखाच झोल राहतो, आणि जाळी तोंडावर न पडतां हिच्यावर तोलून धरली जाते. झोळी नळींतून ओवून फिती या दोरीस बांधाव्या, व दोन्ही तोंडें टांगणीच्या दोरांभोंवतीं घट्ट आवळावीं. नाहींतर मुंग्या व डास त्याच वाटेनें आंत येतात. झाडें वाळलेलीं नसावीं, आणि नारळाखालीं तर झोळी कधींच टांगूं नये. माणूस बसल्यावर बैठक जमिनीपासून सुमारें दोन फूट राहावी. जाळी जमिनीस टेकत असल्यास जादा कापड वरच्या दोरीवर दुमडून टांचावें. दारांतून वांकून आंत उभें राहावें, झोळींत बसावें, पाय वर घ्यावे व नाडी ओढून सहज सुटेल अशी गांठ मारावी. एकदोनदां हा सराव दिवसां करावा. रात्रीं डुकरांची चाहूल लागतांच क्षणांत बाहेर पडतां आलें पाहिजे.

दोन गोष्टी मात्र शेतकरीबंधूंनीं कटाक्षानें टाळाव्या. पहिली, पिकावर फवारण्याचें औषध जाळीस कधींही लावूं नये. कारखान्यांतच औषध लावलेल्या मच्छरदाण्या निराळ्या. त्यांतील औषध व त्याचें प्रमाण त्याच कामासाठीं ठरविलेलें असतें. शेतांतील विष रात्रभर श्वासाशीं व कातडीशीं ठेवणें म्हणजे डासाऐवजीं स्वतःवरच फवारणी करणें होय. दुसरी, जाळींत विडी, कंदील किंवा धुराची उदबत्ती नेऊं नये. नायलॉन व पॉलिएस्टर ठिणगीनें वितळतात आणि अंगास चिकटतात.

दर आठवड्यास जाळी उजेडासमोर धरून पाहावी व लहानसें छिद्रही लगेच शिवावें. सौम्य साबणानें धुवून ती सावलींत वाळवावी. डेंग्यूचा डास दिवसां चावतो. त्यासाठीं घराभोंवतीं सांचलेलें पाणी काढणें हाच उपाय. रात्रीपुरती मात्र ही गवसणी विश्वासू सोबतीण आहे. पिकास कुंपण घालणाऱ्यानें स्वतःच्या अंगाभोंवतीं एवढें कुंपण घालण्यास आळस करूं नये.