निरोगी त्वचेतील पहारेकरी आणि कुष्ठरोगाचा बधिर चट्टा

कोहका (भिलाई) : भिलाईच्या कोहका परिसरासह छत्तीसगढमध्ये कुष्ठरोग अद्याप इतिहासजमा झालेला नाही. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशाने डिसेंबर २००५ मध्ये गाठले. या राज्यातील प्रमाण मात्र त्यानंतरही त्या मर्यादेच्या वरच राहिले. असे असूनही रुग्णाच्या सहवासातील बहुतेकांना हा आजार कधीच जडत नाही. यामागील कारणाचा मोठा भाग निरोगी त्वचेत दडलेला आहे.

त्वचेच्या वरच्या थरात लँगरहान्स पेशींचे जाळे असते. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ मध्ये त्या प्रथम पाहिल्या आणि त्यांचे फाटे पाहून त्यांना मज्जापेशी मानले. प्रत्यक्षात त्या रोगप्रतिकारक पेशी आहेत. त्यांच्या पृष्ठभागावरील लँगेरिन हा ग्राही, म्हणजे जंतूची खूण ओळखणारे प्रथिन, कुष्ठजंतूचे अंश पकडून पेशीच्या आत नेतो. पुढे हेच अंश टी-पेशींसमोर मांडले जातात. प्रौढ व्यक्तीच्या निरोगी त्वचेत अशा सुमारे दोन हजार कोटी टी-पेशी असतात, असा एक अंदाज आहे. रक्तात फिरणाऱ्या टी-पेशींच्या तो जवळपास दुप्पट भरतो. त्यांपैकी बहुतेकींना पूर्वी भेटलेल्या जंतूंची स्मृती असते.

जंतू एकच असला, तरी आजाराचे रूप या पेशींच्या प्रतिसादावर ठरते. प्रतिसाद जोरकस असल्यास मोजकेच चट्टे उमटतात आणि त्यांत जंतू क्वचितच सापडतात. तो क्षीण पडल्यास जंतू त्वचेत मुक्तपणे वाढतात. मात्र जोरकस प्रतिसादाचीही किंमत मोजावी लागते. कुष्ठजंतू मज्जातंतूंच्या आवरणात दडत असल्याने त्यांच्यावरील हल्ल्यात मज्जातंतूच पोळतो व चट्टा बधिर होतो. न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या डागाकडे कोणी लक्ष देत नाही, ही खरी अडचण आहे. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात.

छत्तीसगढमधील या लढ्याशी मराठी माणसांचे जुने नाते आहे. स्वतः कुष्ठरोग झालेले सदाशिवराव कात्रे यांनी १९६२ मध्ये चांपाजवळील सोंठी येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट यांनी तेथे अनेक दशके सेवा केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. रुग्णाला गावाबाहेर ठेवण्याच्या प्रथेला शास्त्राचा आधार नव्हता, हे त्वचेतील पेशींच्या अभ्यासातूनही दिसते.

बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो. उपचार सुरू होताच रुग्णापासून संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो. निकटच्या संपर्कातील व्यक्तींना प्रतिबंधासाठी रिफॅम्पिसिनची एक मात्रा दिली जाते. औषधाने जंतू मरतात; नष्ट झालेल्या मज्जातंतूची संवेदना मात्र अनेकदा परतत नाही. म्हणूनच फिकट वा लालसर चट्ट्यावर स्पर्श, उष्णता किंवा टोचणी जाणवत नसल्यास तपासणीस विलंब करणे धोक्याचे ठरते.