क्रोशाची झालर, केसांच्या रबरावर

क्रोशा शिकायला रुमालापेक्षा किंवा तोरणापेक्षा केसांचं रबर बरं. धागा थोडा लागतो, एका बैठकीत काम हातावेगळं होतं. शिवाय क्रोशात सुईवर बहुतेक वेळ एकच फास असतो, त्यामुळे चुकलं तर धागा ओढायचा, हवं तिथपर्यंत उसवायचं आणि तिथून पुढे चालायचं. नवख्या हाताला हा मोठा दिलासा आहे.

आधी धाग्याचं. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बरेचदा ॲक्रिलिकची असते. ती मऊ असते, रंगही भरपूर मिळतात. पण तिचे तंतू सुटत असतील तर त्यांत केस गुंततात. केसांना नेमाने तेल लावत असाल तर सुती धागाच घ्या, कोमट पाण्यात साबणाने तो स्वच्छ निघतो. जाडसर सुती धाग्याला ३ मिमीची सुई चालते. क्रोशाच्या दोऱ्यावरचा आकडा जेवढा मोठा तेवढा दोरा बारीक. २० नंबरचा दोरा आणि त्याची पोलादी सुई सध्या राहू द्या. रबर जाड हवं, धातूचा जोड नसलेलं.

धाग्याची सरकगाठ करून फास सुईवर घ्या. सुई रबराच्या कड्यातून घाला, धागा आकड्यात पकडून वर आणा. सुईवर दोन फास झाले. पुन्हा धागा घ्या आणि दोन्हींतून एकदम ओढून काढा. झाला एक आखूड टाका. असेच टाके रबराभोवती भरत जायचे.

किती भरायचे, हाच या कामातला खरा प्रश्न. टाक्यांच्या माथ्यावर साखळीसारखी एक कड तयार होते, आणि सुती धाग्याची ही कड फारशी ताणली जात नाही. सैल पडलेलं रबर जेमतेम झाकेल एवढेच टाके घातले, तर कड रबराच्या घेराएवढीच राहते. मग केसांना दुसरा वेढा द्यायला गेलं की रबर ताणायला तयार असतं, कड त्याला अडवते. म्हणून रबर बोटांवर ताणून धरा आणि ताणलेलं असतानाच पूर्ण झाकलं जाईल इतके टाके घाला. सोडलं की टाके एकमेकांना बिलगतात आणि कड आपोआप नागमोडी होते. शेवटचा टाका पहिल्याला जोडून घ्या.

आता झालर. तीन साखळ्या घालून वर चढा (धागा घेऊन सुईवरच्या फासातून ओढला की एक साखळी). त्या एका खांबाची उंची भरून काढतात. खांबासाठी सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा, सुई खालच्या टाक्यात घालून धागा वर आणायचा, आणि सुईवरचे तीन फास दोन-दोन करून दोनदा उतरवायचे. प्रत्येक आखूड टाक्यात असे तीन खांब घाला.

झालर पडते ती मोजणीमुळे. सपाट गोल विणताना पहिल्या फेरीत साधारण १२ खांब असतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीत १२ वाढतात. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला जागा पुरत नाही आणि ती वरखाली दुमडते. कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या लातवियन गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये याच युक्तीने हायपरबोलिक भूमितीचे नमुने विणले. विद्यार्थ्यांना त्या भूमितीतली वक्रता हातात धरून पाहता आली. मला क्रोशाचं हे रूप फार आवडतं. नुसती संख्या बदलली की आकार बदलतो.

केसांच्या क्लिपवर लावायचं फूलही याच हिशेबाने होतं. १२ खांबांचा गोल करा. एका टाक्यात पाच खांब, पुढच्या टाक्यात सुई घालून धागा तसाच सुईवरच्या फासातून ओढायचा. असं आलटून-पालटून केलं की सहा पाकळ्या होतात. फूल चपट्या क्लिपवर टाचा, मागे फेल्टचा तुकडा लावा.

सगळ्याच कामात शेवटी वीतभर धागा ठेवून तोडा. बोथट सुईने तो टाक्यांतून एकदा पुढे आणि एकदा उलट दिशेने ओवला की निसटत नाही. फुलाला तांदळाची पातळ खळ दिली तर पाकळ्या उभ्या राहतात. ही खळ क्लिपवर टाचण्याआधीच द्या. रबराला मात्र ती देऊ नका, नाहीतर कड कडक होऊन ताणताना पुन्हा आडवी येईल.