दुधाचे दात : नजरेआड होणाऱ्या खुणा

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य दंतविभागात वारंवार कानी पडते. ते खरे आहे, पण अर्धेच. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. दाढा मात्र 10 ते 12 वर्षे वयापर्यंत मुलाला चावण्यास लागतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागाही राखून ठेवतात.

कीड काळ्या खड्ड्यापासून सुरू होत नाही. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ उमटते. ती पहिली खूण. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बालकांत ती विशेषत्वाने आढळते. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशामुळे व लाळेमुळे बहुधा वाचतात, म्हणून पालकांनी वरचा ओठ उचलून उजेडात पाहावे. या टप्प्यावर स्वच्छता आणि फ्लोराइडचा लेप यांनी कीड थांबवता येते. खड्डा पडल्यावर दात पूर्ववत होत नाही. दुधाच्या दाताचे कवच पातळ असल्याने कीड आतील नसेपर्यंतही लवकर पोहोचते.

लहान मूल आपले दुखणे नेमके सांगू शकत नाही. ते एकाच बाजूने चावते, घास गालात धरून बसते, थंड पाणी टाळते, रात्री रडत उठते. घरी मात्र जेवणाचे नखरे म्हणून बोलणी खाते. हिरडीवर पुनःपुन्हा येणारी पुटकुळी दुखत नसली तरी ती मुळाशी पू झाल्याची खूण होय. गाल सुजून ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरली, तोंड उघडणे वा गिळणे कठीण झाले, तर लवंगेच्या तेलावर रात्र काढू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

सर्वाधिक फसगत होते ती सहाव्या वर्षाच्या सुमारास. एकही दाढ न पडता, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे नवी दाढ निमूटपणे उगवते. ती कायमची असते, आणि घरचे तिला दुधाची समजतात. तिच्या खोल खाचांत अन्न अडकून ती लवकर किडते. काढावी लागली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे : जबड्याच्या मध्यापासून मागे मोजत जावे, सहावा दात तोच. त्याच्या खाचा वेळीच विशिष्ट लेपाने बुजवता येतात. त्यासाठी ना सुई लागते, ना दात कोरावा लागतो.